निळं फाटक

टिळकवाडीतली झाडं लई देखणी, पर माणसाला घर सापडू देतील तर शपथ! आणीबाणी उठली त्याच्या फुडल्या साली माझ्या लेकानं, भीमाप्पानं, तिथं बंगला घेतला. बँकेत साहेब हाय त्यो. मी तानीबाई. मालक सत्याप्पा लवकर गेले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून मी एकटीनं लेकाला शिकवलं.

त्या दिवशी दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ मेथी आणाया गेलते आन परत येताना वाट चुकले. समदी फाटकं पांढरी, समद्यांच्या दारात गुलमोहर. "भीमाप्पाचं घर कुठं?" म्हणून चौघांना इचारलं. कुणालाच म्हाईत न्हाय! आमच्या पाटीवर नुसतं 'गुलमोहर' लिवलेलं. शेवटी लेकच स्कूटर घिऊन हुडकत आला.

"आई, उद्यापासनं एकटी भाईर जायचं न्हाय," त्यो म्हणाला.

"मग पाटीवर तुझं नाव लिव की रं!"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाला, "आडनावावरनं लोक जात वळखतात, आई. जरा दमानं घेऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावात आपल्याला वेशीभाईर लोकांनी ठेवलं. हितं ह्यो आपणहून लपून बसलाय! ह्याच्यासाठी शिकवलं व्हय ह्याला? राग आला, आन त्याहून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यो बँकेत गेला, तशी मी निघाले. दवाखाना, पिठाची गिरण, शेजारच्या वकिलांच्या अंगणातली पाण्याची हीर, अशा खुणा धरत गेले आन निळ्या ऑइलपेंटचा डबा घिऊन नीट घरी आले. सांजच्यापतुर फाटक निळंशार केलं.

शेजारच्या वकिलीणबाई थांबल्या. "आजी, हा कसला हो रंग?"

"बाबासाहेबांचा. आता आमचं घर चुकायचं न्हाय. मलाबी आन तुमालाबी."

बाई तिथनं हलल्या न्हाईत. तेवढ्यात भीमाप्पा आला. फाटकाफुडं स्कूटर बंद करून उभाच राह्यला. मला वाटलं, आता वराडतोय. तर त्यानं माझ्या हातातला ब्रश घेतला, पाटीवरचा 'गुलमोहर' खोडला आन त्याच्याखाली सावकाश कायतरी लिवलं.

मला कुठं वाचता येतंय? "काय लिवलंस रं?" म्हटलं.

त्यानं एकदा वकिलीणबाईंकडं बघितलं आन गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, "भीमाप्पा सत्याप्पा मधाळे."