वेदीच्या उत्तरेला

साराबाईंनी कागदावरची शेवटची ओळ खोडली, तीच पुन्हा लिहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा मुलगा नील सिंकपाशी उभा राहून बटाटे सोलत होता. पाच किलो बटाटे सोलायचे असावेत अशा वेगाने, खाली मान घालून.

"ऐकतोस का? उद्या वाचायचंय."

"वाच ना."

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, वीसेक कुटुंबं शब्बाथला, शनिवारच्या पवित्र दिवशी, जमत. प्रार्थना हिब्रूत, गप्पा मराठीत. प्रार्थना झाली की कोणीतरी तोराह या धर्मग्रंथातल्या त्या आठवड्याच्या पाठावर पाच मिनिटं बोलायचं. या वेळी साराबाई बोलणार होत्या आणि पाठ होता बळींच्या नियमांचा. रक्त, चरबी, राख. दर वर्षी या पाठाला बोलायला कोणी तयार नसे. साराबाईंनी आपण होऊन मागून घेतला होता.

त्या वाचू लागल्या.

"होमबली म्हणजे माणसाने स्वखुशीने देवाला वाहिलेलं जनावर. त्याचा वध वेदीच्या उत्तरेला करायचा. पापबली म्हणजे ज्याच्या हातून चूक घडली त्याने आणलेलं जनावर. त्याची जागा वेगळी असेल असं आपल्याला वाटतं. पण आज्ञा अशी की जिथे होमबली, तिथेच पापबली. का? आपले रब्बी सांगतात, बघणाऱ्यांना कळू नये म्हणून. उत्तरेला उभा असलेला माणूस भक्तीने आलाय की पाप करून, हे देवाला ठाऊक. शेजाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही."

सोलणं थांबलं होतं.

"पण प्राणी सेम असायची का?" नीलने विचारलं. त्याचं मराठी इथल्याच रीडिंग गावातल्या इंग्रजी शाळेत वाढलेलं. लिंगाचा घोळ व्हायचाच.

"नाही. होमबली नर. पापबली साध्या माणसाचा असेल तर मादी."

"मग कळणारच की."

साराबाई हसल्या. हा प्रश्न त्या जुन्या धर्मगुरूंनाही पडला होता, आणि आपल्या मुलालाही तोच पडला याचं त्यांना बरं वाटलं.

"मेंढी आणली तर नाही कळत. तिकडच्या मेंढ्यांची शेपटी जाड असते, झाकलं जातं. शेळी आणली तर कळतं. पण मेंढी आणायची मुभा होती. तरी कोणी शेळी आणली, तर त्याने आपणहून स्वतःला उघडं केलं. त्याला काय करणार?"

"हे लिहिलंस?"

"नाही. पाच मिनिटांत कुठे बसवू?"

नीलने पुढचा बटाटा उचलला.

कॉव्हेंट्रीजवळ गाडी चालवताना त्याने फोनकडे पाहिलं होतं. तेवढ्यात सायकलवरच्या एका माणसाचा पाय कायमचा गेला. नील चौदा महिने तुरुंगात राहून तीन आठवड्यांपूर्वी घरी आला होता. कॉव्हेंट्रीची बातमी रीडिंगपर्यंत पोचली नव्हती. हॉलमधल्यांनी मुलाची चौकशी केली तेव्हा साराबाईंनी दुबईतल्या नोकरीचं सांगितलं होतं. एकदा सांगितलं ते पुढे सांगत राहावं लागलं.

शनिवारी त्या नीट बोलल्या. कागदाकडे दोनदाच पाहिलं. नील तिसऱ्या रांगेत, सगळ्यांच्या मधोमध बसला होता. त्यांनीच त्याला तिथे बसवलं होतं.

प्रार्थनेनंतर काळ्या मनुकांचं सरबत फिरलं, मग टेबलावर नारळाच्या दुधातला हलवा आला. शशीमावशी ताटली घेऊन दोघांजवळ आल्या. साराबाईंशी त्यांची तीस वर्षांची मैत्री.

"छान बोललीस गं. या पाठाला मी नेहमी पेंगते, आज नाही." मग त्या नीलकडे वळल्या. "आणि तू बरा सापडलास. आमच्या गंधारला दुबईची ऑफर आलीय. जाऊ की नको चाललंय त्याचं. तुझा नंबर दे, तो फोन करेल. राहायला कुठला भाग बरा, ऑफिसात कसं असतं, सांग त्याला जरा."

"अगं, हा आता तिकडचं सगळं सोडून आलाय," साराबाई घाईने म्हणाल्या. "याला काय माहीत असणार?"

"इतके दिवस राहिला ना तिथे?"

नीलने ताटली खाली ठेवली.

"शशीमावशी, मी दुबईला नव्हतो. प्रिझनमध्ये होतो. कॉव्हेंट्रीला गाडीने एका माणसाला उडवलं. फोन बघत होतो. फॉल्ट माझा होता."

तो हळू बोलला नाही, मोठ्यानेही नाही. टेबलाभोवतीच्या पाच-सहा जणांनी वळून पाहिलं. कोणाच्या तरी हातातला चमचा ताटलीवर वाजला.

शशीमावशींनी साराबाईंकडे पाहिलं. साराबाईंनी नजर वळवली नाही.

"बरं," शशीमावशी म्हणाल्या. सरबताचा पेला उचलून त्या खिडकीकडच्या टेबलाशी गेल्या. तिथल्या बायकांनी सरकून त्यांना जागा दिली. थोड्या वेळाने त्यांच्यातलीच एक जण मान उंचावून म्हणाली, "सारा, इकडे ये गं. खुर्ची आहे."

"जा ना, आई," नील म्हणाला. "आय'म फाइन."

साराबाईंनी तिकडे हात केला, येते अशा अर्थाचा. मग भिंतीलगतची एक खुर्ची ओढली आणि नीलच्या शेजारी बसल्या. हलव्याचा एक तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. तुरुंगात त्या दर महिन्याला भेटायला जात. जेवण कसं असतं, थंडी वाजते का, झोप लागते का, सगळं विचारत.

"त्या माणसाचं नाव काय रे?"

नीलने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

त्याने नाव सांगितलं. साराबाईंनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, उच्चार चुकला, तेव्हा त्याने परत सांगितलं.