भागवतचं वारूळ

आखाडा बाळापूरच्या बाजारात गोजरबाईंच्या हातच्या साखरेच्या गाठींना तोड नव्हती, आणि हे गोजरबाईंना पुरतं ठाऊक होतं. होळीपासून पाडव्यापर्यंत त्यांची भट्टी पेटलेली असायची. उकळत्या पाकात दूध टाकून मळी काढायची, लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओतायचा, पांढरीशुभ्र गाठी अलगद सोडवायची. नवरा गेल्यावर सून राजनंदिनीला हाताशी धरून त्यांनी हे सगळं सांभाळलं. त्यामुळं दुसऱ्या कुणी गोड पदार्थाबद्दल तोंड उघडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. रंगीत कागदातल्या दुकानी गोळ्यांना त्या साबण म्हणत.

धाकटा दीर भागवत हा त्यांच्या मते घरातला सगळ्यात निरुपयोगी प्राणी. त्यानं आधी जीप चालवली, मग दंतमंजन विकलं, मग कोंबड्या पाळल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा चड्डी सावरत फिरायचा. गोजरबाईंच्या नजरेत तो अजून तिथंच होता. यंदा त्याला मोबाईलवर गोळ्या-चॉकलेटं बनवायचे व्हिडिओ सापडले आणि त्याच्या अंगात शास्त्रज्ञ शिरला.

पहिल्यांदा त्यानं पाकात हळद घातली. आपल्याकडं एवढी हळद पिकते तर तिची गोळी का नको, असं त्याचं म्हणणं. एका साच्याला असा पिवळा डाग पडला की पुढं चार घाणे गाठी काविळीच्या निघाल्या. मग चिंच आणि लाल मिरचीची गोळी केली. ती शेजारच्या मोतीबाईंनी भिडेखातर तोंडात धरली आणि घरी जाऊन थुंकली. ज्वारीच्या लाह्यांची वडी मात्र बरी झाली होती. गोजरबाईंनी ती चाखली, आणि लाह्या कुणीही खातं, एवढंच म्हणाल्या.

पाडवा जवळ आला होता. एके दिवशी गोजरबाई साखर आणायला गेल्या आणि भट्टीवर राजनंदिनी होती. भागवत आला, पाक तांबूस होईस्तोवर आटवत बसला आणि सुनेनं नको म्हणायच्या आत त्यानं मूठभर खायचा सोडा कढईत झोकला. पाक फसफसून वर आला, काठावरून उतू गेला, भट्टीवर आणि ओट्यावर पसरला. भागवत पळून अंगणात गेला. राजनंदिनीनं कशीबशी भट्टी विझवली.

गोजरबाई परतल्या तेव्हा ओट्यावर तपकिरी, भोकाभोकांचा एक ढीग घट्ट होऊन बसला होता.

"हे काय वारूळ उठवलंस?" त्यांनी विचारलं.

भागवत अंगणातून दारात येऊन उभा राहिला. राजनंदिनी उलथन्यानं ढीग खरवडू लागली. त्याचा तुकडा कडकन तुटला. तिनं तो तोंडात टाकला, थांबली, आणि दुसरा तोडला. बाहेरून कडक, जिभेवर ठेवला की चुरचुर विरघळणारा, किंचित जळल्यासारखा गोड. तिनं एक तुकडा सासूपुढं केला. गोजरबाईंनी दोघांदेखत खाल्ला आणि निकाल दिला, की यात निम्मी साखर आहे, निम्मी हवा, आणि हवा विकणारा माणूस भागवतच असू शकतो.

भागवतनं ते मनावर घेतलं, पण भलत्याच बाजूनं. तसंच आणखी करून आठवडी बाजारात परात मांडून तो 'वारूळ, वारूळ' म्हणून ओरडला. नाव ऐकून माणसं थांबली, चव घेऊन पुड्या बांधून घेऊ लागली. गाठी घ्यायला आलेली डोंगरकडा गावची बाई गोजरबाईंनाच विचारू लागली, वारूळ कुठं मिळतं म्हणून. गोजरबाईंनी बोटानं भागवत दाखवला, जसं कुणी गटार दाखवावं.

मग हिंगोलीहून मोबाईलवर बातम्या टाकणारा प्रमोद नावाचा पोरगा आला. भागवतनं धुतलेला सदरा घातला. आपण कित्येक महिने यावर संशोधन करून राहिलो, प्रमाण जमेना म्हणून जेवण गोड लागेना, असं तो कॅमेऱ्यासमोर सांगत राहिला. प्रमोदनं मग गोजरबाईंना विचारलं, दिराच्या शोधाबद्दल काय वाटतं.

"त्याच्या हातून सांडलं, ते वाळलं," त्या म्हणाल्या. "यात शोध कसला? पोरगं पडलं तर त्यानं जमीन शोधली म्हणता का तुमी?"

बातमीत त्यांचं बोलणं नव्हतं. भट्टीपाशी बसलेल्या त्या फक्त दिसल्या, आणि खाली लिहिलं होतं, 'कुटुंबाची भक्कम साथ'. राजनंदिनीनं ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पाडव्याच्या सुमारास आभाळ आलं, हवा ओलसर झाली. भागवतचं वारूळ परातीत चिकट होऊन बसलं. गिऱ्हाइकं पुड्या परत आणू लागली. तो घाबरून वहिनींकडं आला. असं काहून झालं, असं त्यानं विचारलं. पण गोजरबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या गाठींना असलं कधी झालं नव्हतं. हे ठाऊक नसणं त्यांना भागवतच्या फुशारकीपेक्षा जास्त झोंबलं. शेवटी राजनंदिनीनंच, कुरडया ठेवतो तसं ते गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून पाहिलं. ते टिकलं.

पाडवा झाला. दरवर्षी या दिवसानंतर भट्टी विझायची, कढया पालथ्या पडायच्या. राजनंदिनीनं विचारलं, साखर आणखी मागवायची का. लोक अजून वारूळ विचारून राहिलेत.

गोजरबाईंनी दाराकडं पाहिलं. बाहेर भागवत कुणाला तरी पुन्हा जेवण गोड न लागल्याची गोष्ट सांगत होता.

"मागव," त्या म्हणाल्या. "पण सोडा मी टाकीन. त्याला कढईपाशी येऊ देऊ न्हाई. त्याला म्हणावं, तू बाजारात ओरड, तेवढं येतं तुला."

मग पदर खोचून त्या चिमूटभर सोडा तळहातावर घेऊन बारकाईनं पाहू लागल्या. तोंड असं केलं होतं, जणू कुणीतरी त्यांच्या हातावर राख ठेवलीय.