गृहखातं

बाईंनी खातेवाटपाचा कागद समोरच्या पक्षाच्या डॉक्टरांकडे परत सरकवला.

"शिक्षण नको, महिला-बालकल्याणही नको. गृह द्या. नाहीतर आमची माणसं बाहेर बसतील."

सरकारी विश्रामगृहाच्या त्या लांबट दालनात दोन्ही पक्षांचे चहाचे थर्मासदेखील वेगवेगळे होते. निवडणुकीने कुणालाच धड कौल दिला नव्हता. उद्यापर्यंत मंत्रिमंडळ जमलं नाही तर सभागृह बरखास्त होणार आणि रस्त्यावर पुन्हा तेच, दगड, अश्रुधूर, संचारबंदी. म्हणून एकमेकांचं तोंड पाहणार नाही म्हणणारे आता समोरासमोर बसले होते.

बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या धाकट्या भावाला पोलिसांनी घरातून उचलून नेलं, तेव्हा सत्तेवर डॉक्टरांचा पक्ष होता. त्याला कुणीतरी शेवटचं पाहिलं, ते याच विश्रामगृहाच्या जिन्यावर. तो परतला नाही. बाई त्याचा फोटो घेऊन चौकात बसल्या. दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी एक बाई येऊन बसली, तिच्या मांडीवर तिच्या मुलाचा फोटो. अशा बसलेल्या बायकांचाच पुढे पक्ष झाला. आज सकाळी तो जिना चढताना बाईंनी कठड्याला हात लावला नव्हता.

"गृह द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्याच बाजूचे दोघे खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो डॉक्टर, काय बोलताय? पोलीस त्यांच्या हातात?"

"पक्षाला मी समजावतो." डॉक्टरांची डावी पापणी फडफडली. ती तशी सारखीच फडफडायची. बोलताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

बाईंच्या पक्षाचे सरचिटणीस तात्या कानाशी लागले. "इतक्यात कसे मानले? दाल में कुछ काला है. फायलींची कपाटं आधीच धुऊनपुसून ठेवली असणार."

बाईंनाही तेच वाटलं. "सकाळी सांगते," म्हणून त्या उठल्या.

घरी आई खाटेवर मटार सोलत बसली होती. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण बोटं शेंग बरोबर उकलायची. बाई शेजारी बसल्या आणि मूठभर शेंगा घेऊन मांडीवर सोलू लागल्या. मायलेकी घरात हळू आवाजात बोलत, आतल्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तशा. इतक्या वर्षांची सवय.

"जमलं का गं तुमचं?"

"देतो म्हणाले. मागितल्याबरोबर. तेच कळत नाही."

"समोर बसतं कोण?"

"डॉक्टर म्हणून एक आहे. पूर्वी पोलिसांच्या इस्पितळात होता म्हणे."

आईची बोटं थांबली. शेंग उघडीच राहिली.

"त्याची डावी पापणी उडते का?"

"तू त्याला कुठे पाहिलंस?"

आईने मटारचं ताट बाजूला ठेवलं. पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"घरी आला होता. नवा नवा डॉक्टर, पोरसवदाच. तू त्या दिवशी कचेरीत गेली होतीस. तुझा भाऊ गेला गं. नेलं त्याच आठवड्यात गेला. इस्पितळात आणला तेव्हाच जीव नव्हता, असं तो डॉक्टर सांगत होता. तुला सांगायचं नाही, अशी मीच त्याला शपथ घातली."

बाईंच्या मांडीवरचे मटार जमिनीवर सांडले. त्या खाली बसून ते वेचू लागल्या. खाटेखाली गेलेलेसुद्धा.

"का?"

"शोधत होतीस म्हणून दोन घास खात होतीस. म्हटलं, जरा सावरू दे. मग तुझ्यामागे बायका यायला लागल्या. चार आल्या, चाळीस आल्या. मग कुठल्या दिवशी सांगायचं होतं, तूच सांग."

बाईंनी वेचलेले मटार ताटात टाकले.

"कुठे नेला त्याला?"

"ते त्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. रात्री गाडी आली आणि घेऊन गेली, एवढंच." आईने अंदाजाने हात पुढे केला. तो बाईंच्या खांद्याऐवजी केसांना लागला. "रागाव हवं तर. पण खातं सोडू नकोस. त्या बाकीच्यांच्या आयांकडे कुणी सांगायलासुद्धा आलेलं नाही."

बाईंच्या लक्षात आलं, आई मोठ्याने बोलत होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आवाज थेट आतपर्यंत जात होता.

सकाळी डॉक्टर विश्रामगृहाच्या व्हरांड्यात एकटेच उभे होते.

"काय ठरलं, बाई?"

"गृहच."

"बरं झालं." ते आत जायला वळले.

"डॉक्टर, तुम्ही काय सांगितलंत ते आईने मला काल सांगितलं."

ते होते तिथेच थांबले. पापणी उडत राहिली. त्यांनी चष्म्याखाली बोट घालून ती दाबून धरली.

"ऐकल्यावर तिने काय केलं, ते मात्र बोलली नाही," बाई म्हणाल्या.

"काही नाही. रडल्या नाहीत. मी उंबऱ्यातच उभा होतो. मला विचारलं, जेवलास का?"

आतून तात्यांनी हाक मारली. पत्रकार खाली जमले होते. बाई हलल्या नाहीत.

"मग?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तुमच्या भावासाठी ताट झाकून ठेवलेलं होतं," ते म्हणाले. "तेच माझ्यापुढे केलं. मी जेवलो, बाई. सगळं संपवलं."