हातातून सुटलेली काठी

मित्रांनो, मी साप पकडायची काठी आहे. जुनी, आणि आता वाकलेलीही. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबची मूठ, एवढंच माझं रूप. कारंजा (घाडगे) इथे हायवेवर रजतचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे त्यानेच एक लोखंडी सळी तापवून, ठोकून मला घडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नाही आलं, पण काम मिळालं.

काम तरी कसलं! आमच्याकडे साप निघाला की आधी माणसं जमतात आणि पाठोपाठ लाठ्या. शोभाबाईंच्या गोठ्यात नाग निघाला तेव्हा चौघांनी त्याची शेपटी ठेचलीही होती. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे होते. रजत मध्ये घुसला आणि एक लाठी त्याच्याच खांद्यावर बसली.

"काऊन मारून राह्यले बे? पह्यले लाठ्या खाली टाका!" तो ओरडला. लाठ्यांचा ढीग पडेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग मी नागाला अलगद उचललं आणि पिशवीच्या तोंडाला लावलेल्या पाइपातून आत सोडलं. हात कुठेच लावायचा नाही, हा रजतचा नियम होता. नंतर तिथेच उभं राहून त्याने कोणता साप विषारी, चावला तर काय करायचं, हे सांगितलं. लोक ऐकायचे. वर्षा-दोन वर्षांत आमच्या भागात लाठीच्या आधी रजतला फोन जाऊ लागला. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा.

पुढे शाळा-कॉलेजांत भाषणं आली, शाल-श्रीफळ आलं, शर्टावर 'सर्पतज्ज्ञ' आलं. वर्ध्याच्या एका शिबिरात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की आपल्या क्षेत्रात आपलाच शब्द चालायला हवा असेल तर रोज दिसा आणि इतरांपेक्षा वेगळं दिसा. झालं! गडी मोबाइलसमोर उभा राहू लागला. मोबाइलमध्ये मी काही शोभत नव्हते. एके दिवशी उघड्या हाताने परडीची शेपटी धरून तो म्हणाला, "काठी भेकडाले लागते." परड म्हणजे घोणस, मित्रांनो. मी टायरांच्या ढिगामागे पडून हे ऐकलं आणि मला त्याचा संताप आला. व्हिडिओ मात्र लाखभर लोकांनी पाहिला.

त्यातला एक नीलेश, शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला. त्याच्या घरात वेचलेला कापूस साठवला होता आणि त्या ढिगात एक साप वेटोळं घालून बसला होता. नीलेशला वाटलं, अजगराचं पिल्लू आहे. बायकोच्या, दिपालीच्या हाती मोबाइल देऊन तो म्हणाला, "रजतभाऊवानी धरतो, पाय." ती परड होती. एकदा चावली, झटकली तर पुन्हा चावली. हात मांडीएवढा सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. वर्ध्याच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

त्याचा मोठा भाऊ रूपराव चार माणसं घेऊन दुकानावर आला. रजत नवा व्हिडिओ करत होता. रूपरावने टायरांमागून मला ओढून काढलं.

"माह्या भावाचा हात दे!"

पहिला घाव मोबाइलवर बसला, दुसरा जबड्यावर. सापाचे दात मी पुष्कळ पाहिले होते. माणसाचे दात तुटून मातीत पडताना पहिल्यांदा पाहिले. आकडा रजतच्या गालात रुतला तरी रूपराव ओढतच राहिला. मनगटाचं हाड मोडलं ते मला मुठीपर्यंत जाणवलं. मी वाकले तेव्हा कुठे तो थांबला.

त्याने मला दोघा भावांच्या घरी नेलं. तेव्हापासून मी साप मारते. परवा बांधावर धामण दिसली. रूपरावने तिचे तुकडे होईपर्यंत मला हाणलं. पोटातली अंडी फुटून माझ्या आकड्याला चिकटली.

कसं कोण जाणे, त्याच संध्याकाळी रजतला कळलं. तो आला. जबडा वाकडा जुळलेला, शब्द तोंडातच अडकत होते.

"रूपरावभाऊ, धामन होती थे. जहर नसते तिले. उंदरं खाते."

अक्षर न् अक्षर खरं होतं. पण दिपाली नवऱ्याला घास भरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊ, तुमी आता कोनाले काई सांगू नका."

रजत गेला. रूपरावने मूठभर कापसाने माझ्यावरचं रक्त पुसलं आणि मला दाराशी टेकवून ठेवलं.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्या शब्दाला वजन येईल. तेव्हा एवढं सांभाळा, की लोक तोंडाचं ऐकतात आणि हाताचं करतात. तुम्हाला जे जमलं, ते करायला जाऊन दुसरा मरू शकतो.

बाहेर कुणीतरी "साप! साप!" ओरडलं. रूपराव मला घ्यायला येतो आहे.