घाटाला पुरणारा सेन्सर

गेवराईत हायवेच्या कडेला अजिनाथचं गॅरेज. गाडीच्या कॉम्प्युटरात हात घालणारा आसपासच्या गावांत तो एकटाच. पण दोन महिने झाले, त्याने लॅपटॉप उघडला नव्हता. ब्रेक, क्लच, ऑइल एवढीच कामं घ्यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बिघडलाय."

लॅपटॉप बिघडलेला नव्हता. थोरला भाऊ रामप्रसाद याच्या पेट्रोल गाडीला अजिनाथने इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवून इंजिनाची ताकद वाढवून दिली होती. हट्ट रामप्रसादचाच. पहिले आठ दिवस तो गावभर भावाचं कौतुक करत हिंडला. नवव्या दिवशी आईला, केसरबाईला घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढत होता. ट्रक ओलांडायला गेला आणि ऐन ट्रकच्या बरोबरीत आल्यावर गाडीने मान टाकली. समोरून एसटी येत होती. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला, मोकळी झालेली जागा बघून रामप्रसादने गाडी डावीकडे घातली, म्हणून सगळे वाचले. केसरबाईच्या कपाळाला मात्र खोक पडली. तीन टाके.

त्या दिवसापासून रामप्रसाद भावाशी बोलला नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली. अजिनाथ घरी जेवायला बसला की आईच्या कपाळाकडे बघायचं टाळायचा.

शेवटी केसरबाईच एका सकाळी थोरल्याला आणि गाडीला घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"त्या दिवशी काय झालतं ते आधी शोधा," ती दोघांना म्हणाली. "मंग काय भांडायचं ते भांडा."

रामप्रसाद रस्त्याकडे बघत म्हणाला, "टर्बो काढ अन् जुना बसव. बास."

"काढतो दादा. पर एकदा बघू दे."

ट्यूनिंगच्या वेळी नोंदी घेणारा छोटा डबा अजिनाथने गाडीत लावला होता, तो अजून तिथेच होता. त्या दिवसाची नोंद त्यात असणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. बघायचं धाडस झालं नव्हतं, एवढंच. लॅपटॉप जोडला. हवेच्या दाबाची रेघ भराभर चढत अडीच बारवर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या अडीचपट दाबावर, गेली आणि तिथे सुरीने कापावी तशी सपाट झाली. पुढच्याच क्षणी ताकद बंद.

अजिनाथने त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. म्हणाला, "दादा, शंभर किलोच्या काट्यावर सव्वाशेचं पोतं टाकलं तर काटा काय दावील?"

"शंभर."

"तसंच झालं. हा सेन्सर अडीचपर्यंतच दाब मोजतो. मोठा टर्बो त्याच्या वर गेला. खरा दाब किती, ते कॉम्प्युटरला कळंना, म्हणून त्यानं इंजिन वाचवाया ताकद तोडली. टर्बो बदलला अन् मोजणारा जुनाच ठेवला. चूक माझी हाय."

"म्हंजी इंजिन गेलं?"

"इंजिनाला काय बी झालं न्हाई."

रामप्रसाद पहिल्यांदाच त्याच्याकडे वळला. "मंग आता?"

"जुना टर्बो बसवतो, न्हाईतर चारपर्यंत मोजणारा सेन्सर मागवतो. तू म्हणशील तसं."

"मला काय कळतंय त्यातलं? तुला काय वाटतंय ते कर," रामप्रसाद म्हणाला. आवाज अजून रुक्ष होता, पण अजिनाथने लगेच नव्या सेन्सरसाठी पुण्याला फोन लावला.

चार दिवसांनी पुण्याहून सेन्सर आला. अंगठ्याएवढी वस्तू. जुना काढून नवा बसवायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पूर्वीचा अजिनाथ असता तर त्याने लगेच स्टार्टर मारला असता. या वेळी त्याने नुसती चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं आणि आकडा बघितला. पॉइंट सहा.

"इंजिन बंद असलं की भवतालच्या हवेचा दाब दिसाया पाहिजे," तो रामप्रसादला म्हणाला. "गेवराईत जवळपास एक असतो. ह्याला वाटतंय गाडी हिमालयात हुभी हाय. नव्या सेन्सरची भाषा कॉम्प्युटर अजून जुन्या हिशोबानं वाचतोय. असाच पळवला असता तर इंजिनच खाल्लं असतं."

सेन्सरसोबत आलेल्या कागदावरचे आकडे त्याने दोनदा तपासून भरले. पुन्हा चावी फिरवली. पॉइंट शहाण्णव. मग ताकदही मुद्दाम थोडी उतरवली.

घाटाकडे निघायच्या वेळी बघतात तर केसरबाई मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेली.

"माय, उतर. आधी आमी बघून येतो."

"खोक मला पडली. मी न्हाई उतरत."

बीडपर्यंत अजिनाथने गाडी सावकाश नेली. घाटात मोकळा चढ बघून तिसरा गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला. लॅपटॉप रामप्रसादच्या मांडीवर होता. तो मोठ्याने आकडे वाचत होता.

"दोन पॉइंट तीन. दोन पॉइंट चार." तो थांबला. मागच्या वेळी ताकद तुटली ती पुढच्याच आकड्याला. "दोन पॉइंट पाच."

गाडी ओढतच राहिली.

"सहा. सात. रेघ सातवर थांबली रं! स्थिर हाय!"

अजिनाथने पाय उचलला. वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतूनही पाणी येत होतं. रामप्रसादने लॅपटॉप मिटला, भावाच्या मानेवर हात ठेवला आणि तो हात तसाच राहू दिला.

"मी बी लई ताणलं," तो म्हणाला. "दोन महिने का म्हून गप बसलो, माझं मला ठाव न्हाई."

मागून काहीच आवाज येईना म्हणून दोघांनी घाबरून वळून बघितलं. केसरबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.