घरचे समजू का?

मासिकवाल्यांनी फायरवॉलच्या परीक्षेचं काम दिलं, तेव्हा परीक्षकाने बहिणीचा जुना कॉम्प्युटर टेबलावर मांडला. त्याचा स्वतःचा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, त्यावर कसली डोंबलाची परीक्षा होणार! बहिणीचा मात्र चार घरांत असतो तसा, कचऱ्याने भरलेला. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती बाहेर पडली, तेव्हा कपड्यांच्या दोन पिशव्या आणि एवढाच ऐवज घेऊन आली होती. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहत होती. तिथला पत्ता या भावाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता.

काम ठरलेलं होतं. फायरवॉल बसवायची, मग आपणच एक चोर प्रोग्राम आत सोडायचा. तो घरातली माहिती बाहेर पाठवू लागला की फायरवॉलने त्याला अडवायचं आणि मालकाला विचारायचं, जाऊ देऊ का?

पहिल्या फायरवॉलने चोर झटक्यात धरला आणि नंतर आठ दिवस हूं की चूं केलं नाही. उठसूट प्रश्न विचारणाऱ्यांचा परीक्षकाला तिटकारा. ‘घरात आहे हे जाणवतसुद्धा नाही,’ असं लिहून स्वारीने पाच तारे देऊन टाकले. त्याच आठवड्यात बहीण येऊन याच कॉम्प्युटरवर नोकरीचा अर्ज टाइप करून गेली. अर्जावर अर्थातच नवा पत्ता होता.

दुसरी फायरवॉल त्याने दुपारी बसवली. हातातला चहा संपायच्या आत तिने विचारलं, प्रिंटरचा प्रोग्राम बाहेर काही पाठवतोय, जाऊ देऊ का? ‘कटकटी आहे,’ त्याने वहीत लिहिलं. मग त्याचा हात थांबला. या कॉम्प्युटरला प्रिंटर कधी नव्हताच.

त्याने खोदून पाहिलं. दीड वर्षापूर्वी कुणीतरी बसवलेला तो प्रोग्राम, इथे टाइप होणारं अक्षर न् अक्षर रोज एका ईमेलवर पाठवत होता. ईमेल मेहुण्याचा होता. आणि पहिलीने त्याला अडवलं नाही, यात तिचा दोष नव्हता. बसवताना तिने विचारलं होतं, आधीपासून असलेल्या सगळ्यांना घरचे समजू का? एकेकाला कोण तपासत बसणार, म्हणून यानेच ‘हो’ दाबलं होतं.

त्याने प्रोग्राम अडवला. बैल गेला नि झोपा केला. मग बहिणीला फोन लावला.

“आत्ताच्या आत्ता माझ्याकडे निघून ये. त्याला तुझा पत्ता कळलाय.”



“ते काल येऊन गेले, दादा.” ओठ सुजल्यासारखे तिचे शब्द जड येत होते.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तरी तो तिच्यावरच खेकसला. “अगं, पण तू दार उघडलंसच कसं? आधी विचारायचं नाही, कोण आहे म्हणून?”

“कशाला विचारू? पत्ता तुझ्याशिवाय कुणाला माहीतच नव्हता ना,” ती म्हणाली. “मला वाटलं, तूच आलास.”