पळसाचा पुतळा

"मृत्यू एकोणीसशे सोळा, तेच ठेव उल्के. मागच्या आवृत्तीत तेच आहे," विश्वासदादा पुण्याहून फोनवर म्हणाला.

"अरे, अठरा साली त्यांनी सही केलीये. मेलेला माणूस सही करतो का?"

सिंगापूरला तुआसच्या यार्डातल्या कँटीनमध्ये माझ्यासमोरचा भात गार होत होता. बावीस वर्षं मी इथे प्रेशर गेजची सर्टिफिकेटं तपासते. तारीख एका दिवसाने चुकली तरी लाल 'होल्ड' स्टिकर लावून माल परत करते. सप्लायर गयावया करतात, "आंटी, वन डे ओन्ली लाह." मी ऐकत नाही. म्हणूनच दादाने हे काम माझ्या गळ्यात घातलं होतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचा होता आणि त्यात माझ्या पणजोबांचा, गोपाळरावांचा, पानभर फोटो द्यायचा होता. १९०९ साली ते अमेरिकेला गेले, ऑरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरणीत लागले. 'आपल्या कुळातले पहिले अमेरिकन!' दादाचा मुलगा सौमित्र कॅलिफोर्नियात आहे ना, त्यामुळे आता अमेरिका एकदम सोवळी झाली.

तीन महिने शोधल्यावर मला एक कार्ड सापडलं. महायुद्धात तिथल्या सगळ्या पुरुषांची सैन्यासाठी नोंदणी झाली, त्यातलं. सप्टेंबर १९१८. खाली पणजोबांची मोडीत सही. आणि 'जवळचे नातलग' या रकान्यात कारकुनाने इंग्रजीत लिहिलेलं: यमुना, पत्नी, आणि आमच्या गावाचं नाव.

पत्नी. त्या वेळी यमुना, माझी पणजी, विधवेचं लाल आलवण नेसून, डोकं भादरून, गावी भांडी घासत होती.

माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्यात रीत. पणजोबांच्या थोरल्या भावाने, दत्तोपंतांनी, सातव्याच वर्षी, सोळा साली, पुतळा जाळला. दत्तोपंत म्हणजे विश्वासदादाचे पणजोबा.

"दादा, बारा वर्षांची सात कशी झाली?"

"हे बघ, तुला म्हणून सांगतो. गोपाळरावांचं एक पत्र आलं होतं, पंधरा साली. माझ्याकडे ट्रंकेत आहे. 'यमुनेला आणि मुलाला बोटीवर बसवून द्या' म्हणून. आता बाईमाणूस समुद्रापलीकडे पाठवायचं म्हणजे घराण्याची अब्रू..."

"म्हणजे माहीत होतं! जिवंत आहे हे माहीत असून तिला न्हाव्यापुढे बसवली?"

"ओरडू नकोस गं. शंभर वर्षं झाली. आता उगाळून काय होणार?"

"पत्र छाप."

"हा कुलवृत्तांत आहे, कोर्ट नाही."

"मग सोळा साल मी मान्य करत नाही. माझं नावही घालू नकोस." मी फोन आपटला. शेजारच्या टेबलावरचे फोरमन वळून बघायला लागले. बघू देत. माझे वडील सांगायचे, त्यांच्या आजीने, यमुनेने, उभ्या आयुष्यात आरशात पाहिलं नाही. कोणाच्या अब्रूसाठी?

रात्रीचं जेवण झाल्यावर हौगांगच्या घरात मी राधिकाला पत्राचं सांगितलं आणि ते कार्ड दाखवलं. माझी लेक इथेच वाढलेली. तिने बराच वेळ ते वाचलं.

"सो शी नेव्हर न्यू, आह? ही वॉज वेटिंग फॉर हर?"

"नाही. तिला कोणी सांगितलंच नाही."

"सो मीन," एवढंच ती म्हणाली, आणि कार्डाचा कागद सरळ करून माझ्या हातात दिला.

दोन महिन्यांनी कुलवृत्तांत कुरियरने आला. जाड, गुळगुळीत कागदाचा. गोपाळरावांचा पानभर फोटो. खाली 'कुळातील पहिले अमेरिकन. मृत्यू १९१६.' त्यांना एक मुलगा असल्याची नोंद होती. त्या मुलाला आई होती की नाही, त्याबद्दल अक्षर नाही. आणि तळाला बारीक टायपात: 'माहिती साहाय्य: सौ. उल्का, सिंगापूर.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक कचऱ्यात टाकायला उठलेही होते. मग परत बसले. पर्समधून ऑफिसचं लाल स्टिकर काढलं आणि १९१६ वर चिकटवलं. त्याखाली लिहायला घेतलं, तर गुळगुळीत कागदावर शाई धरेना. तेव्हा दाबून लिहिलं, एकेक अक्षर: सप्टेंबर १९१८ ला जिवंत. पत्नी यमुना. हिला बोलावलं होतं.

पान उलटलं. मागे, पानाच्या तळाशी, दत्तोपंतांचा फोटो होता, पगडी, उपरणं, सगळं. त्यांच्या कपाळापासून छातीपर्यंत माझी अक्षरं उलटी उठून आली होती. मी त्यांवरून बोट फिरवलं. हाताला लागत होती.